केअर सेंटर बघायला रविवारी सकाळी अकराला जाऊ नका

पारिजात
परवा इथे 'डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) माणसासाठी सेंटर कसं निवडावं' अशी यादी आली. लिहिणाऱ्यांनी एका रविवारी पुण्यात तीन सेंटरं पाहिली आणि सासूबाईंसाठी एक पक्कं केलं. बाग आहे का, वास येतो का, सीसीटीव्ही मोबाइलवर दिसतो का, वाढदिवस साजरे करतात का, आणि शेवटी 'मालकिणीशी अर्धा तास बोललं की जागा कळते'. दोन दिवस मी गप्प बसले. खाली लोक ती यादी उतरवून घेताहेत हे बघून आता राहवत नाही.

आम्ही तिघी बहिणींनीही बाबांसाठी अशीच जागा पाहिली होती. रविवार, सकाळी अकरा. सगळे आंघोळ करून, पावडर लावून व्हरांड्यात बसलेले. भजन चालू होतं, फरशी फिनेलने पुसलेली. त्याच दिवशी डिपॉझिट भरलं. 11 आठवड्यांनी बाबांना तिथून काढलं तेव्हा माकडहाडाशी बोट आत जाईल एवढी जखम होती आणि दोन्ही मनगटांवर ओढणीने बांधल्याचे वळ.

अल्झायमर्स हा डिमेन्शियाचाच एक प्रकार. त्या माणसाची खरी धडपड अनेकदा दिवेलागणीला सुरू होते. ऊन उतरलं की बाबा चपला शोधायचे, 'दुकान बंद करायचंय' म्हणत कडी खटखटवायचे. नेमकी तेव्हाच तिथली दिवसपाळी सुटायची. रात्री 22 जणांना एक मावशी आणि गेटवर वॉचमन. एकटी बाई काय करणार? बांधणार, नाहीतर झोपवणार. बाबांचं क्वेटियापिन, म्हणजे मनोविकारावरचं गुंगी आणणारं औषध, तीनदा वाढवलेलं आम्ही नंतर कागदांत वाचलं. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिलाय. कधी कधी ही औषधं द्यावी लागतात, मला मान्य आहे. पण माणसं कमी आहेत म्हणून द्यायची?

तेव्हा संध्याकाळी सातला जा, न सांगता. रात्री नऊ ते सकाळी सहा कोण असतं ते नावानिशी विचारा. पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून खूण करतात, ती वही मागा. गेल्या तीन महिन्यांत किती मावश्या सोडून गेल्या ते विचारा. आणि जेवण भरवताना शेजारी उभे राहा. घास गालात धरून बसणाऱ्या माणसाला 40 मिनिटं लागतात. ताट दहा मिनिटांत रिकामं झालं, तर एक तर तो उपाशी राहिला किंवा घास श्वासनलिकेत जातोय.

दोन चाकी
यादी माझी आहे. तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण एका वाईट अनुभवावरून सगळ्यांना घाबरवू नका. मी ठाण्यात, बायकोची नोकरी अंधेरीला. पुण्यात जायला आम्हाला रविवारच मिळतो. बहुतेक ठिकाणी सहानंतर भेटी बंद असतात, तो नियम मी केलेला नाही. आणि सीसीटीव्हीत वाईट काय? रात्री दोनला जाग आली तर सासूबाई झोपल्यात का ते मला दिसेल. तुम्हाला ती सोय असती तर ते वळ पहिल्याच आठवड्यात दिसले असते.

पारिजात
कॅमेरा तिथेही होता, हॉलमध्ये. बांधायचे खोलीत. आणि खोलीत कॅमेरा असूही नये. तिथे डायपर बदलतात. शेजारच्या पलंगावरच्या आजींना तुमच्या मोबाइलवर तुम्ही त्या अवस्थेत बघणार, आणि त्यांचा मुलगा तुमच्या सासूबाईंना. चालेल? भेटी सहाला बंद असतील तर माझ्या लेखी ती जागा तिथेच बाद.

रात्रपाळी
मी अशाच सेंटरमध्ये चार वर्षं रात्रपाळी केली आहे, म्हणून लिहिते. ताईंचं बरंचसं खरं आहे. पण नातेवाईक काय करतात तेही ऐका. ॲडमिशनच्या वेळी सांगतात, 'आई शांत आहे, फक्त विसरते.' पहिल्या रात्री आई पाणी देणाऱ्या मुलीच्या हाताला चावते. मग फोनवर कबूल करतात की घरीही दोन ब्यूरोच्या बायका पळाल्या होत्या. आधी सांगितलं असतं तर तिला दाराजवळचा पलंग दिला नसता, पहिल्या रात्री जवळ एक माणूस जास्त ठेवला असता. खरं सांगितलं तर जागा देणार नाहीत या भीतीने लपवतात, कळतं मला. मार मात्र आम्ही खातो.

कोणी एकदम बरळायला लागलं, भिंतीवर माणसं दिसायला लागली, तर 'आजार वाढला' म्हणून गोळी वाढवू देऊ नका. आधी लघवी तपासा, पोट साफ झालंय का बघा. म्हातारपणी लघवीच्या इन्फेक्शनला ताप येईलच असं नाही, कधी नुसता गोंधळच वाढतो. सेंटर बघायला जाल तेव्हा सिस्टरला हाच प्रश्न विचारा: 'अचानक बिघडलं तर पहिलं काय करता?' 'डॉक्टरांना फोन करून झोपेचं औषध देतो' असं उत्तर आलं तर निघा.

जुना वाडा
मुळात सेंटर का शोधायचं? आमच्या आजीला 9 वर्षं हा आजार होता. वाड्यातच होती, शेवटपर्यंत. आई-वडिलांना बाहेर ठेवून मग बाग आणि कॅमेऱ्यावर चर्चा करायची, हे मला पटत नाही.

पारिजात
आजीचं कोणी केलं? कपडे कोणी बदलले, रात्री कोण जागलं?

जुना वाडा
माझी आई आणि काकू.

पारिजात
दोघी. नोकरी नसलेल्या, रात्रंदिवस घरात. माझ्या घरी मी एकटी आणि दहावीतला मुलगा होतो. बाबा पहाटे चारला गॅस सुरू करून ठेवायचे. दोनदा स्वयंपाकघरात गॅस कोंडला. मी त्यांना काढून दिलेलं नाही. 'आई-वडिलांना बाहेर ठेवून' हे पुन्हा कोणी लिहू नका.

जुना वाडा
तुम्हाला उद्देशून नव्हतं. काकूची कंबर त्या वर्षांतच गेली, हे लिहायला हवं होतं. मत मात्र बदललेलं नाही.

काळा कोट
कायद्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मधल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर विकार येतात. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून उपचार-देखभाल करणाऱ्या जागेने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंद केली आहे का, हे विचारा आणि प्रमाणपत्र डोळ्यांनी बघा. कलम 97 नुसार बांधून ठेवणं फक्त तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, लेखी नोंद करून. कर्मचारी कमी आहेत एवढ्या कारणावर बांधता येत नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. पारिजात, तुमच्या वडिलांच्या बाबतीत तक्रारीला जागा होती.

कोकणकडा
कोणी भाषेचं बोलतच नाही. माझी आई कुडाळची. 30 वर्षं मुंबईत शाळेत शिकवलं, शुद्ध मराठी बोलायची. आजार वाढला तशी मराठी गेली, मालवणी उरली. सेंटरमध्ये दिवसभर म्हणायची, 'माका तान लागली.' तिथल्या मुलीला वाटलं, आजीला कसला तरी ताण आलाय. पाठ चोळून द्यायची. आईला पाणी हवं होतं. आठवडाभराने जीभ कोरडी पडून हॉस्पिटलात ॲडमिट केलं. महाराष्ट्रात महिना 38 हजार भरून आपल्या आईची भाषा समजणारं माणूस मिळू नये? सगळी पोरं बाहेरची भरलेली. पहिला प्रश्न हाच हवा, मराठी माणसं किती.

सातपुडा
बाहेरची म्हणजे? माझी आई धुळ्याकडची, अहिराणीशिवाय काही उरलं नव्हतं. तिला भरवायचा तो मुलगा झारखंडचा. पंधरा दिवसांत 'माय, जेवी ले' म्हणायला शिकला. ती त्याला माझ्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारायची आणि तो ओ द्यायचा. तिथली मराठी सिस्टर 'आजी, सारखं काय ओरडता' म्हणून खेकसायची. आई गेली तेव्हा तो मुलगा रडला. त्याला बाहेरचा म्हणू नका.

कोकणकडा
तुमचं नशीब. अपवाद दाखवून नियम मोडत नाही. माझी आई पाण्यासाठी तडफडली, आणि तुम्ही मला माणुसकी शिकवताय?

सातपुडा
माणुसकी नाही, हिशेब सांगतोय. 12 तासांची पाळी, दोन वेळचं जेवण, हॉलमध्येच झोपायचं, एवढ्यावर मराठी मुलगी का येत नाही ते मालकाला विचारा. 38 हजारांतले तिच्या हातात किती पडतात ते विचारा.

रात्रपाळी
माझ्या हातात 2021 मध्ये 13 हजार पडायचे. आणि कोकणकडा, आमच्याकडे मराठी मुली होत्या. लातूरच्या, नांदेडच्या. 'तान' म्हणजे तहान हे त्यांनाही कळलं नसतं. मलाही आत्ता तुमच्याकडून कळलं. तुम्ही ॲडमिशनच्या फॉर्मवर लिहिलं होतं का?

कोकणकडा
फॉर्मवर मातृभाषा मराठी लिहिलं होतं. जागाच एका शब्दाची होती.

लिहायला हवं होतं, बरोबर आहे. पण आठ दिवसांत एकाही माणसाला पाण्याचा पेला पुढे करून बघावासा वाटला नाही, हे मी विसरणार नाही. त्याला कुठलीच भाषा लागत नाही.

सातपुडा
यावर मी वाद घालणार नाही.

रात्रपाळी
मीही नाही. न मागता दर दोन तासांनी पाणी द्यायचं असतं. त्यांना मागता येत नाही हे धरूनच चालायचं असतं.

दोन चाकी
काल बुधवारी अर्धी रजा टाकून मी न कळवता गेलो. सव्वासातला पोचलो. गेटवर वीस मिनिटं थांबवलं, 'मॅडम नाहीत' म्हणाले. आत सोडलं तेव्हा 14 जणांत एक मावशी होती. सहा जण पांघरूण घालून, दिवे बंद. सव्वासातला. सासूबाई घरी दहापर्यंत मालिका बघतात.

कूस बदलल्याची वही मागितली. एकाच पेनाने, एकाच हाताच्या खुणा. आणि गुरुवारच्या पहाटेच्या दोन, चार, सहाच्या खुणाही करून ठेवलेल्या. मी बुधवारी संध्याकाळी उभा होतो.

डिपॉझिट परत मिळणार नाही म्हणतात. जाऊ दे. पारिजात, यादीतला मालकिणीचा मुद्दा मी काढतो. कॅमेरा खोलीत नको, हेही बायकोने ऐकवलं. बागेचा मुद्दा मात्र सोडणार नाही. सासूबाई दिवसभर चालतात. चालायला मोकळी जागा नसेल तर कोणीतरी त्यांना बसवून ठेवणार आणि तिथूनच बांधणं सुरू होणार.

पारिजात
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाबाही चालायचे. बाग राहू दे.

दोन चाकी
शुक्रवारी दुसरं एक बघायला जातोय, सहानंतर येऊ देतात. सासूबाई अकोल्याकडच्या. हल्ली बाथरूमला 'न्हाणी' म्हणतात, 'मले घरी जाचं हाय' म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा लघवीला लागलेली असते. बायको असे शब्द कागदावर लिहून काढतेय. कोकणकडा, तुमच्यामुळे. हा कागद सेंटरमध्ये कुठे लावायचा?

रात्रपाळी
पलंगाशी नको, चादर बदलताना फाटतो. कपाटाच्या दारावर बाहेरून, मोठ्या अक्षरात, पुढे हिंदीत अर्थ. आणि एक प्रत रात्रपाळीच्या मावशीच्या हातात द्या, तिला वाचता येतं का ते विचारून. येत नसेल तर तिच्याशेजारी बसून शब्द म्हणून दाखवा.