मर्यादा राज्याला, चटका खालच्यांना
‘राज्याच्या खर्चाला कायद्याने लगाम घातला की करदात्याचा पैसा वाचतो’ असं बरेच जण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचं बघा. १९९२ साली मतदारांनी ‘टेबॉर’ (करदात्यांचा हक्कनामा) ही राज्याच्या घटनेतली दुरुस्ती मंजूर केली. महसूल दरवर्षी महागाई आणि लोकसंख्यावाढ यांच्या बेरजेइतकाच वाढू द्यायचा, वर उरेल ते लोकांना परत, आणि करवाढ मतदानाशिवाय नाही. ऐकायला झकास! पण २००१ च्या मंदीत महसूल घसरला आणि पुढची मर्यादा त्या घसरलेल्या आकड्यावरूनच मोजली गेली. मंदी सरली, खर्चाची मर्यादा मात्र खालीच अडकली. शेवटी २००५ मध्ये मतदारांनीच परताव्यावर ५ वर्षं पाणी सोडलं.

असेच नियम तिथल्या काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या), शहरं आणि शाळांच्या प्रशासनांनाही लागू आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी स्थानिक मतदान घेऊन जादा महसूल ठेवून घ्यायची मुभा मिळवली. शिवाय ‘कर’ न म्हणता ‘शुल्क’ म्हटलं की बहुतेक वेळा मतदानाची गरजच उरत नाही. खिसा तोच. करवाढीआधी लोकांना विचारायची अट मला आवडते, ती राहू द्यावी; मर्यादा मोजायचं सूत्र तेवढं बदलावं.