विषय: गंगापूर बॅकवॉटर, यंदाही जायचं का?

मंडळी,

डिसेंबरात नाशिकला कोण कोण असणार ते कळवा. बेत गेल्या वर्षीचाच: सकाळी मिसळ, मग गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला कयाक. १४ नावं आली आहेत. एकच विनंती, "मी माझ्या जबाबदारीवर येत आहे, मंडळाचा संबंध नाही" एवढं वाक्य प्रत्येकाने उत्तरात लिहा. म्हणजे पुढे कटकट नको.

– सचिव

*

सचिवसाहेब,

वाक्य लिहून देतो. पण गेल्या वर्षी काय झालं ते फोटोंत आलेलं नाही, म्हणून आधी ते लिहितो.

आपण ११ जण होतो, ७ कयाक. निघताना पुढे कोण, मागे कोण, कुणीच बोललं नाही. मी पुढे होतो, कारण इकडे इंग्लंडात दोन उन्हाळे वल्हं मारलंय आणि ते दाखवायची खुमखुमी होती. खोटं कशाला बोला. साडेअकराच्या सुमाराला वारा सुटला. पुराचा अंदाज घ्यायला आपल्याकडे गोदावरीत उभा दुतोंड्या मारुती आहे, पाणी त्याच्या कमरेला की गळ्याला हे पंचवटीतलं पोरगंही सांगतं. वाऱ्याला तसला मारुती नाही. ताईंची दोघांची कयाक वाऱ्याला आडवी लागली आणि उलटली. लाइफ जॅकेट होतं, पण पट्टे ढिले. जॅकेट वर कानांपाशी आणि माणूस त्याच्या खाली, असं दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं.

मागे वळलो तेव्हा तीन कयाक चहाच्या ओढीने काठाकडे लागलेल्या. दोन मध्येच, वल्ही मांडीवर घेऊन नुसत्या बघत. आणि त्यांतले सगळे माझ्याकडे बघत. मला कुणी नेमलं नव्हतं, पण त्या घडीला म्होरक्या मीच होतो.

मी पाण्यातल्या दोघांकडे गेलो. कयाक सुलटी करून दोघांना वर घ्यायला वीसेक मिनिटं गेली. तेवढ्यात बघत बसलेल्या दोन कयाक वाऱ्याबरोबर पार पलीकडे. त्यांतल्या तिघांना मी एक शब्दही सांगितला नव्हता. पुढे सगळं निभावलं, म्हणून आपण त्याचा विनोद केला.

१९९३ च्या मार्चमधली, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम बेची गोष्ट इकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. आठ शाळकरी मुलं, एक शिक्षक, दोन प्रशिक्षक. शिक्षकांची कयाक उलटली, एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला, आणि दुसऱ्याबरोबरची मुलं वाऱ्याने समुद्रात आत गेली. चार मुलं दगावली. त्यानंतर १९९५ मध्ये इथे मुलांच्या साहसी सहलींसाठी कायदा झाला. आपलं पाणी वेगळं, थंडी वेगळी, पण गट फुटला तो तसाच: एक उलटला, जाणता त्याच्यापाशी अडकला, बाकीचे वाऱ्याच्या हवाली.

– पंचवटीकर

*

पंचवटीकर,

लाइम बे म्हणजे शाळेची मुलं. आपण पन्नाशीला टेकलेले घोडे. एकदा म्होरक्या नेमला की बाकीचे डोकं घरी ठेवून येतात, हे मी हरिहर गडाच्या पायऱ्यांवर डोळ्यांनी पाहिलंय. त्यापेक्षा सचिवांचं वाक्य बरं, निदान माणूस स्वतःकडे बघेल. आणि वाऱ्याचीच भीती असेल तर धरणाखालून नदीने आनंदवलीपर्यंत येऊ की.

– सिडकोवाला

*

सिडकोवाले,

नदीचं नाव काढू नका. आनंदवलीला बंधारा आहे. वरून बघितलं तर पाण्याची एक सरळ रेघ दिसते, पण बंधाऱ्याखाली पाणी उलटं फिरतं आणि आत गेलेल्याला बाहेर सोडत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात वेल्समध्ये हॅवरफर्डवेस्टला पॅडलबोर्डवाला (फळीवर उभं राहून वल्हं मारणारा) गट अशाच बंधाऱ्यात सापडला. चार जण गेले, त्यांत त्यांचा दुसरा प्रशिक्षकही. ती सगळी मोठी माणसं होती, आपापल्या पायांनी आली होती. पुढे बंधारा आहे आणि तिथे काय करायचं, हे त्यांना नीट सांगितलेलंच नव्हतं. नेणाऱ्या बाईंना २०२५ मध्ये साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. "माझ्या जबाबदारीवर" म्हणायला माणसाला आधी ठाऊक तर हवं ना, जबाबदारी कशाची.

डोकं घरी ठेवण्याबद्दल मात्र तुमचं पटलं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की पुढे जाणारा आणि शेवटी येणारा, दोघं काठावरच ठरवा. पुढच्याने शेवटच्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही, आणि मधल्या प्रत्येकाने आपल्या मागच्यावर डोळा ठेवायचा. शिट्टी वाजली की सगळ्यांनी जवळ यायचं आणि कयाकला कयाक लावून धरायची. बघत बसलेल्या तिघांना एवढं एक काम ठाऊक असतं तरी ते आपल्यापासून तुटले नसते.

– पंचवटीकर

*

पाण्यात पडले ती मी, तेव्हा दोन शब्द माझेही.

पट्टा ढिला आहे हे मला काठावरच कळलं होतं. ओढून पाहिला, बक्कल अडकलेलं. कुणाला तरी सांगावं असं वाटलं, पण तोवर सगळे पाण्यात उतरले होते, पंचवटीकर तर पन्नास हात पुढे. माझ्यामुळे सगळे थांबतील म्हणून गप्प बसले. माझ्या पुढे बसलेल्या भाच्यालाही सांगितलं नाही. त्याला पोहता येतं का, हेही मी विचारलं नव्हतं. येत नाही.

पाण्यात तो माझ्या दंडाला धरून होता आणि एकसारखा म्हणत होता, "आत्या, तुझी चप्पल चालली."

यंदा शेवटची कयाक माझी. शिट्टी माझ्या गळ्यात. आणि उतरण्याआधी प्रत्येकाच्या जॅकेटचे खांदे धरून मी वर ओढून बघणार. जॅकेट हनुवटीच्या वर आलं तर तो माणूस काठावर. सचिवांचंही बघणार.

आणि मिसळ नंतर. गेल्या वर्षी नऊला तर्रीवर बसलो, दोनदा पाव मागवले, पाण्यावर साडेदहा. वाऱ्यात सापडलो ते तिथेच.

– कॉलेज रोडच्या ताई

*

बरं.

सातला पाण्यावर, दहाच्या आत बाहेर, मिसळ त्यानंतर. वाक्य मागे घेतो, त्याऐवजी तीन गोष्टी कळवा: पोहता येतं का, कयाक आधी किती वेळा केलीय, दम्याचा पंप किंवा गोळ्या बरोबर असतात का. पुढची कयाक पंचवटीकरांची, पण खुमखुमी घरी ठेवून.

सिडकोवाल्यांनी मधे राहायचं, मागच्यावर डोळा. चहाकडे परस्पर वळलेल्या तीन कयाकींत एक माझी होती, तेव्हा यंदा मी ताईंच्या पुढ्यात.

– सचिव