४७ व्या वर्षी जिममधला स्टेरॉइडचा 'कोर्स' घ्यावा का? पडद्यावरचे पन्नाशीचे हिरो हेच घेतात का?

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातला, वय ४७, नोकरी खुर्चीतली. आमच्या देवळाच्या उत्सवात दरवर्षी मराठी नाटक होतं, गेली २२ वर्षं मी त्यात काम करतो, बहुतेक वेळा ऐतिहासिक आणि तलवार हातात घेऊन उभं राहायची कामं माझ्याकडे येतात. यंदा माझ्यासमोर २६ वर्षांचा मुलगा आहे, रोज जिमला जाणारा, खांदे भरलेले. पहिल्या वाचनाला कोणीतरी सहज बोलून गेलं की राजा सुटलेला आणि सरदार पैलवान असं दिसणार. ते मला लागलं, खोटं कशाला बोलू.

खरं तर मी पावसाळ्याआधीच जिम लावलेली, पाच महिने झाले, आठवड्यातून चार दिवस जातो, वजन ८६ चं ८३ झालं, बेंच प्रेसला नुसता २० किलोचा बार उचलत होतो तो आता ५० पर्यंत आलोय, पण आरशात म्हणावा तसा फरक नाही आणि पोट तसंच. गेल्या आठवड्यात ट्रेनरने बाजूला घेतलं आणि म्हणाला अंकल या वयात टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन संपलेलं असतं, नॅचरल काही होणार नाही, १२ आठवड्यांचा कोर्स करा, आठवड्याला दोन इंजेक्शनं आणि सोबत गोळ्या, उत्सवापर्यंत छाती खांदे भरून येतील. मोबाईलवर पन्नाशी उलटलेल्या हिरोंचे शर्ट काढलेले फोटो दाखवले आणि विचारलं, हे काय नुसती अंडी खाऊन झालं असं वाटतं का तुम्हाला?

तर विचारायचं होतं की हे हिरो खरंच घेतात का, आणि माझ्या वयात ते खरंच संपतं का, आणि एकदाच १२ आठवडे घेऊन बंद केलं तर एवढं काय बिघडणार? घरी अजून कोणाला बोललो नाही. माहिती असलेल्यांनीच लिहा प्लीज.

औषधदुकान

मी १९ वर्षं फार्मसीत आहे. एक काम करा, ट्रेनरला सांगा बॉक्स दाखव आणि बिल दे. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन शेड्यूल एच मध्ये येतं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही असा कायदा आहे, त्यामुळे जिमच्या बॅगेतून जे निघतं त्याला बिल नसतं, बॅच नंबर खरा की खोटा कळायला मार्ग नसतो, आत तेलात काय मिसळलंय देव जाणे. बोल्डेनोन नावाचं जे स्टेरॉइड जिममध्ये फिरतं ते मुळात घोड्यांसाठीचं औषध. आणि 'गोळ्या' म्हणजे बहुतेक डी-बॉल नाहीतर स्टॅनोझोलॉल, दोन्ही स्टेरॉइडच, त्या लिव्हरला जड जातात कारण लिव्हरमधून जाताना मोडू नयेत म्हणूनच त्यांची रचना बदललेली असते.

अजून एक, हल्ली पोरं मेफेन्टरमाइन मागायला येतात. ऑपरेशनच्या वेळी बीपी खाली गेलं तर ते वर आणायला देतात ते इंजेक्शन, आणि ही पोरं वर्कआउटच्या आधी मारतात! मी देत नाही म्हणून काउंटरवर शिव्या खाल्ल्यात. तुम्हाला कोणी 'स्टॅमिन्यासाठी' म्हणून असलं काही पुढे केलं तर तिथूनच परत फिरा.

सत्तरीकार

दादा मी घेतलंय म्हणून लिहितोय. वय आता ३३. २४ व्या वर्षी एका बॉडीबिल्डिंग कॉम्पिटिशनसाठी पहिली सायकल मारली (जिममध्ये या कोर्सलाच सायकल म्हणतात), टेस्टोस्टेरॉन आणि डेका नावाचं स्टेरॉइड, मलाही एकदाच असंच सांगितलेलं. तिसऱ्या आठवड्यापासून जे वाटतं ना ते शब्दात सांगता येत नाही, वजनं हलकी वाटतात, कपडे घट्ट होतात, लोक वळून बघतात. आणि बंद केल्यावर दोन महिन्यांत सगळं उतरलं. उतरलं म्हणजे नुसते मसल नाही, सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटेना, रडू यायचं, कशात मन नाही. ते सहन होईना म्हणून दुसरी सायकल, मग तिसरी. एकदाच कोणी घेत नाही दादा, बंद केल्यावरचे ते दोन महिने माणसाला परत इंजेक्शनकडे नेतात.

छातीला गाठी आल्या त्याचं ऑपरेशन करून घेतलं. लग्न झालं, दोन वर्षं मूल नाही, घरचे सगळे बायकोकडे बघायचे आणि ती बिचारी देवळं फिरत होती. शेवटी माझी टेस्ट केली तर शुक्राणू शून्य. शून्य! त्या दिवशी बायकोला सगळं सांगितलं, ती काही बोलली नाही, ते न बोलणं अजून आठवतं. स्पेशालिस्टने औषधं दिली, १४ महिन्यांनी काउंट थोडा वर आला, आता मुलगी दीड वर्षाची आहे. माझ्यासोबत सायकल मारणाऱ्या एकाचा अजून आलेला नाही.

तुम्ही घरी बोललो नाही लिहिलंय ना, ते आधी बोला.

तारवटी

माझी बाजू जरा वेगळी आहे म्हणून लिहितो कारण इथे वाचून कोणाला वाटेल टेस्टोस्टेरॉन म्हणजे विषच. मी ५५, जहाजावर होतो. ४९ व्या वर्षी सारखं डोकं दुखायचं, बाजूचं दिसेना, तपासलं तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला गाठ. ती काढली, त्यानंतर माझं शरीर टेस्टोस्टेरॉन बनवतच नाही कारण बनवायचा हुकूम तिथूनच जातो. मला डॉक्टर दर १२ आठवड्यांनी १००० मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात, हळूहळू रक्तात उतरणारं. त्याच्याबरोबर रक्त किती घट्ट झालंय ते बघायचं, प्रोस्टेटची पीएसए टेस्ट करायची, हे कायमचं. एकदा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टरांनी पुढचं इंजेक्शन लांबवलं.

आणि ऐका, सहा वर्षं घेतोय, माझं शरीर कोणा हिरोसारखं झालेलं नाही. माणसासारखा वावरतो, झोप लागते, दाढी वाढते, एवढंच. बरोबर डोस घेतला तर एवढंच होतं. फोटोत दिसतं ते करायला कितीतरी पट जास्त लागतं, आणि ते औषध म्हणून कोणी देत नाही.

पारिजात

मी फिजिशियन आहे. वरच्या तिघांनी जे लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की मला फक्त आकडे भरायचेत, पण जरा मोठं होईल.

अंत्रुजकर, ४७ ला टेस्टोस्टेरॉन 'संपत' नाही. तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण १ टक्का घटतं. बाईची पाळी जाते तशी पुरुषात एकदम थांबणारी गोष्ट नाही. खरोखर कमी आहे म्हणायला दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी घेतलेलं रक्त लागतं, दोन्ही वेळा साधारण ३०० च्या खाली, आणि सोबत लक्षणं. सकाळीच का, तर ते पहाटे वर असतं आणि दुपारनंतर उतरतं. तुमच्या ट्रेनरने यातलं काय तपासलं?

आता तुम्हाला फरक दिसत नाही त्याबद्दल. १९९६ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, ४३ पुरुष, काहींना आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, काहींना नुसतं तेल, १० आठवडे. औषध नाही पण व्यायाम केला त्यांचं चरबी सोडून वजन सुमारे २ किलो वाढलं. औषध घेऊन व्यायाम न करता नुसते बसले त्यांचं ३ किलोच्या वर! आणि औषध अधिक व्यायाम, ६ किलो. म्हणजे घाम गाळणारा मागे आणि बसून राहिलेला पुढे. तुम्ही स्वतःला कोणाशी ताडून बघताय ते यावरून लक्षात घ्या. आणि डोस बघा, ज्यांच्यात खरंच कमी असतं त्यांना बदली उपचारात आम्ही आठवड्याला १०० मिलिग्रॅमच्या आसपास देतो, जिममधली सायकल ५०० पासून सुरू होते.

१२ आठवड्यांत काय बिघडतं? बाहेरून हार्मोन आलं की मेंदूला वाटतं पुरेसं आहे, तो वृषणांना हुकूम देणं थांबवतो, ती आक्रसतात. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून आठवड्याला २०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं होतं, १९९० साली निष्कर्ष आले, निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर. सत्तरीकार यांचं जे झालं ते दुर्दैव नाही, औषधाचं ठरलेलं काम आहे. जास्तीचं हार्मोन शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, त्यातून छातीच्या गाठी. चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, रक्त घट्ट होतं, आणि दंडाचा मसल वाढतो तशी हृदयाची भिंतही जाड होते, ती आरशात दिसत नाही. २०२३ मध्ये ४५ ते ८० वयाच्या पाच हजारांवर पुरुषांचा मोठा अभ्यास आला, खरोखर कमतरता असलेल्यांना फक्त नॉर्मल पातळीवर आणलं तर हार्ट अटॅक वाढले नाहीत, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं वाढलं. हे नॉर्मल डोसला, डॉक्टरांच्या देखरेखीत. हाच अभ्यास दाखवून जिमवाले 'सेफ आहे' म्हणतात तेव्हा मला फार राग येतो.

आणि गोव्याबद्दल एक. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. मधुमेह, सुटलेलं पोट, रोजचे दोन पेग आणि अपुरी झोप, या चारही गोष्टी टेस्टोस्टेरॉन खाली आणतात. तरुण मुलांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं तर ते १० ते १५ टक्के उतरलं असा २०११ चा अभ्यास आहे. तुमच्या तालमी किती वाजता संपतात? साखर कधी तपासलीत?

रंगपटातला

हिरोंच्या प्रश्नावर मी लिहितो. ज्यांनी स्वतः कबूल केलं तेवढंच बोलावं. श्वार्झनेगरने बॉडीबिल्डिंगच्या काळात स्टेरॉइड घेतल्याचं उघड सांगितलंय, अमेरिकेत ती १९९० च्या कायद्याने नियंत्रित यादीत गेली त्याच्या आधीची गोष्ट. चार्ली शीनने १९८९ च्या बेसबॉलच्या सिनेमासाठी घेतल्याचं २०११ मध्ये सांगितलं. स्टॅलोन २००७ मध्ये सिडनी विमानतळावर सापडला, बॅगेत ग्रोथ हार्मोनच्या ४८ कुप्या, तेव्हा तो ६० वर्षांचा होता, कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला. ते स्टेरॉइड नव्हे, पण हेतू तोच. आपल्याकडच्या कोणाचं नाव मी घेणार नाही, नुसतं शरीर बघून आरोप करणं बरोबर नाही, आणि एखादा कलाकार अकाली गेला की दुसऱ्या मिनिटाला 'स्टेरॉइडच असणार' लिहिणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, त्याच्या घरचे वाचत असतात.

पण जे घेत नाहीत त्यांचंही पडद्यावरचं शरीर रोजचं नसतं. ह्यू जॅकमनने सांगितलंय की शर्ट काढायच्या सीनआधी दीड दिवस पाणीच प्यायचं नाही, कातडी मसलला चिकटते. सीनच्या पाच मिनिटं आधी डंबेल मारायचे, वरून तेल, बाजूने लाइट, आणि तो शॉट संपला की झालं.

आता आपलं बघा. माझी ३५ वर्षं देवळांसमोरच्या स्टेजवर गेली. प्रेक्षक प्राकारात खुर्च्या टाकून बसलेला, मागची रांग पार दीपस्तंभापाशी. तुमच्या अंगावर अंगरखा, वर शेला, कमरेला दुशेला, ड्रेपरीवाला देतो ते कापडच एवढं जाड की आत दंड १४ इंचाचा की १७ चा कोणाला कळत नाही. शेवटच्या रांगेत पोचतो तो आवाज. रात्री एक वाजता तिसऱ्या अंकातलं आठ ओळींचं वाक्य एका दमात फेकायचं तर छातीत हवा लागते. अंगाने आडवे राजे मी पाहिलेत, त्यांनी नुसती मान वळवली की समोरचा सरदार दोन पावलं मागे सरायचा. त्या मुलासमोर उभं राहताना पाय कुठे रोवायचे, खांदे कसे उघडे ठेवायचे, हे जमवा, मी सांगेन तुम्हाला फोनवर.

अंत्रुजकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय कारण रिपोर्टसाठी थांबलो होतो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मी तुझ्या सुटलेल्या पोटाशीच लग्न केलं असतं तरी चाललं असतं, पण इंजेक्शन नको, आणि मग रात्रभर तिला झोप लागली नाही. ट्रेनरला नाही म्हटलं, बॉक्स आणि बिल मागितल्यावर तो विषय त्यानेच सोडला.

टेस्टोस्टेरॉन दोनदा केलं सकाळी ८ ला, ३३८ आणि ३५१. उपाशीपोटी साखर मात्र १६२ आली. घरात बाबांना होती, मी कधी तपासलीच नव्हती. पारिजात मॅडम, हे काय समजायचं?

पारिजात

समजायचं हे की टेस्टोस्टेरॉन आहे, कडेला आहे, आणि साखर तातडीची आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट या आठवड्यातच करा, बीपी, किडनीसाठी क्रिएटिनिन, डोळ्यांचा पडदा पण, आणि तो रिपोर्ट घेऊन जवळच्या फिजिशियनला भेटा, इथे विचारून औषध सुरू करू नका. जिम अजिबात सोडू नका. २० चा बार ५० झाला हे तुम्हीच लिहिलंय, ते ४७ व्या वर्षी कोणतंही इंजेक्शन न घेता झालंय, आणि मसल वाढला की साखर त्याच्यात जाते. शीत (भात) निम्मं करा, बांगडे, अंडी, मुगागाठी (मोडाच्या मुगाची उसळ) वाढवा. पोट उतरेल तसा टेस्टोस्टेरॉनचा आकडाही थोडा वर सरकेल. झोप सात तास.

अंत्रुजकर

तालीम रात्री साडेबाराला संपत होती. काल मंडळाला सांगितलं की दहाला थांबू, २६ वर्षांचा तो मुलगाच पहिला हो म्हणाला, त्यालाही सकाळी सहाची शिफ्ट असते. त्याला बाजूला घेऊन हा धागा दाखवला, त्याने सत्तरीकार यांचं दोनदा वाचलं आणि विचारलं, त्यांचा नंबर मिळेल का?

सत्तरीकार

मेसेज करायला सांगा त्याला. आज रात्रीच.