डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्यावर लिहिताना टोपल्यांच्या पुढे काय लिहावे?

क्रीडाशिक्षिका :
नमस्कार. २१ डिसेंबर हा जागतिक बास्केटबॉल दिन. त्या निमित्ताने आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकावर बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्याविषयी लेख लावायचे ठरले आहे. मुलांनी जमवलेल्या मजकुरात खेळाच्या जन्माचे १८९१ साल, अमेरिकेतील स्प्रिंगफील्डची व्यायामशाळा आणि गोल म्हणून टांगलेल्या पीचच्या टोपल्या एवढेच पुन्हा पुन्हा येते आणि त्यानंतर एकदम १९३९ मधील मृत्यूची नोंद येते. मधली ४८ वर्षे त्यांनी काय केले? अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात ते अध्यापक आणि प्रशिक्षक होते, शिवाय चर्चचेही काम करत, हे मला ठाऊक आहे; परंतु ही तिन्ही कामे त्यांच्या आयुष्यात एकत्र कशी आली, हे मुलांना समजावून सांगता येत नाही. आमच्या शाळेत सर्व धर्मांची मुले आहेत, तेव्हा चर्चचा भाग घ्यावा की गाळावा, याबद्दलही जाणकारांचे मत हवे आहे.

उपासक :
ताई, तो भाग कृपया गाळू नका, कारण तो गाळला तर खेळ का जन्मला हेच कळणार नाही. नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, अल्मॉन्टजवळ झाला. १८७० मध्ये विषमज्वराने काही दिवसांच्या अंतराने आई-वडील दोघेही गेले आणि मामांनी मुलांना सांभाळले. मध्येच शाळा सोडून त्यांनी काही वर्षे लाकूडतोडीच्या छावण्यांत काम केले, नंतर पुन्हा शाळेत येऊन शिक्षण पूर्ण केले आणि मॅकगिल विद्यापीठात पदवी घेतल्यावर तेथील प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) कॉलेजात धर्मशास्त्राचा अभ्यास केला. पाळक व्हायचे हे ठरलेलेच होते.

तेथे एक साधीशी घटना घडली, ती लेखात जरूर घ्यावी. फुटबॉलच्या (चेंडू हातात घेऊन धावण्याच्या, रग्बीसारख्या खेळाच्या) सामन्यात शेजारी खेळणाऱ्या गड्याच्या तोंडून संतापाने शिवी गेली आणि लगेच त्याने नेस्मिथ यांच्याकडे वळून, तू इथे आहेस हे विसरलो, असे म्हणत माफी मागितली. नेस्मिथ त्याला कधी काही बोलले नव्हते. व्यासपीठावरून उपदेश न करताही माणसाच्या वागण्यावर परिणाम होऊ शकतो, आणि त्यासाठी मैदान ही उत्तम जागा आहे, हे त्यांना त्या प्रसंगाने पटले. धर्मशास्त्र शिकलेल्या तरुणाने खेळाच्या मागे लागणे तेव्हाच्या अनेक धार्मिक लोकांना रुचत नसे. तरीही ते १८९० मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए (ख्रिस्ती तरुणांची संघटना) प्रशिक्षण विद्यालयात गेले.

पुढच्या हिवाळ्यात तेथील शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी त्यांच्यावर एका वर्गाची जबाबदारी टाकली. बंदिस्त व्यायामशाळेतील कवायतीला कंटाळलेली १८ प्रौढ विद्यार्थी, आणि दोन शिक्षकांनी आधीच त्यांच्यापुढे हात टेकलेले. नेस्मिथ यांनी विचार केला तो दांडगाई कुठून सुरू होते याचा. खेळाडू चेंडू घेऊन धावतो म्हणून त्याला पाडावे लागते, तेव्हा धावणेच बंद करावे. आणि लक्ष्य डोक्याच्या वर, आडवे ठेवले, तर जोर लावून चेंडू मारण्यात अर्थ उरत नाही, तो हलक्या हाताने, नेम धरून टाकावा लागतो. त्यांनी लिहिलेल्या मूळ तेरा नियमांपैकी पाचवा मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय अडकवणे, मारणे यांतले काहीही पहिल्यांदा केले तर फाउल, दुसऱ्यांदा केले तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर, आणि इजा करण्याचा हेतू उघड दिसला तर संपूर्ण सामन्यासाठी बाहेर, तेही बदली खेळाडू न देता. धर्मशास्त्र शिकलेल्या शिक्षकाचा हात मला या नियमात स्पष्ट दिसतो.

जुना गार्ड :
प्रशिक्षक म्हणून लिहिताना एक आकडा लपवू नये. १८९८ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन ते कॅन्ससला आले ते शारीरिक शिक्षण आणि विद्यापीठातील प्रार्थनासभा या दोन्ही कामांसाठी. तेथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. या आकड्यावरून त्यांची थट्टा होते, ती मला अन्यायाची वाटते. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे ते मानत. मुलांची छाती, पाठ आणि श्वास सुधारला की त्यांचे काम झाले. डावपेच रचणारे प्रशिक्षक त्यांच्याच हाताखाली तयार झाले: १९०७ मध्ये संघाची सूत्रे घेणारे फॉग ॲलन हे त्यांचे खेळाडू.

जॉन मॅक्लेंडन यांचा उल्लेख तर हवाच. १९३० च्या दशकात कृष्णवर्णीय म्हणून त्यांना विद्यापीठाच्या संघात जागा नव्हती. नेस्मिथ यांनी त्यांना विद्यार्थी म्हणून जवळ घेतले, शिकवले आणि गावातील शाळेत प्रशिक्षणाचा सराव मिळवून दिला. याच मॅक्लेंडन यांच्या टेनेसी स्टेट विद्यापीठाच्या संघाने १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मात्र नेस्मिथ यांच्या हयातीत संघाची दारे उघडली नाहीत, हेही त्याच परिच्छेदात लिहावे.

क्रीडाशिक्षिका :
आपणा दोघांचे मनापासून आभार. पाचवा नियम मी स्वतः याआधी इतक्या बारकाईने वाचला नव्हता. उत्तरायुष्याबद्दल कोणी सांगू शकेल का?

उपासक :
पाळकपदाची दीक्षा त्यांना १९१६ मध्ये, म्हणजे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास मिळाली. त्याच वर्षी ते कॅन्ससच्या पलटणीबरोबर मेक्सिकोच्या सरहद्दीवर सैनिकी पाळक म्हणून गेले आणि १९१७ ते १९१९ या काळात वायएमसीएच्या वतीने फ्रान्समध्ये सैनिकांची सेवा केली. घरी पत्नी मॉड आणि पाच मुले होती, मॉडबाईंचाही वाटा या सेवेत धरावा. खेळाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला जाण्यासाठी प्रशिक्षकांच्या संघटनेने निधी जमवून दिला, आणि पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांच्या हस्ते उडवला गेला. त्याच ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती, हे मुलांना सांगितले तर त्यांना तो काळ जवळचा वाटेल. नेस्मिथ १९३७ मध्ये निवृत्त झाले, त्याच वर्षी मॉडबाई गेल्या, आणि २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स गावी त्यांचे निधन झाले.

जुना गार्ड :
मॅडम, एक विनंती. लेखाशेजारी तेरा नियम मराठीत लावा आणि त्या दिवशी मुलांना त्याच नियमांनी एक सामना खेळू द्या: एका बाजूला नऊ जण, पंधरा मिनिटांचे दोन डाव, ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणे) नाही, चेंडू पकडला तिथूनच फेकायचा, आणि एका बाजूने लागोपाठ तीन फाउल केले की समोरच्यांना एक गोल. पंच म्हणून नववीच्या मुली उभ्या करा; नियम त्यांना आदल्या दिवशी पाठ करायला सांगा.