चार मिनिटांच्या गाण्याला सिद्धांत कशाला?

रेवतीची वही
गाण्यांच्या व्हिडिओंवरच्या या चर्चेत काल एकांनी लिहिलं, "कपडे, नाच, चकचकाट. कंपनीला माल खपवायचाय. त्यात पुरुषी नजर नि चिन्हमीमांसा (म्हणे चित्रातल्या खुणांचे अर्थ लावणं) घुसडणारे लोक गाणं ऐकतच नाहीत." हे माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

मॅडोनाच्या 'मटेरिअल गर्ल' गाण्याचा १९८५ चा व्हिडिओ घ्या. सगळ्यांना आठवतो तो गुलाबी पोशाख, लाल जिना, सुटाबुटातले पुरुष आणि हिरे. मेरिलिन मन्रोच्या १९५३ च्या चित्रपटातल्या नृत्यावरून हे घेतलंय, तेही ठाऊक असतं. पण त्या नाचाभोवती जी गोष्ट आहे, ती कुणाच्या लक्षात राहत नाही. एक बडा सिनेमावाला अंधाऱ्या खोलीत बसून तिच्या नाचाचं चित्रण बघतोय. नाच संपल्यावर मात्र तिला महागड्या भेटींचं कौतुक नाही. हे कळल्यावर तो श्रीमंती लपवतो, साधी फुलं घेऊन जुनाट गाडीतून येतो आणि ती त्याच्याबरोबर जाते. शब्द पैसा मागतात, गोष्ट पैसा नाकारते. चित्र शब्दांना दाखवतं, फुलवतं किंवा त्यांच्याशी फटकून वागतं, असं गाण्यांच्या व्हिडिओंचा अभ्यासक अँड्र्यू गुडविनने १९९२ मध्ये मांडलं. इथे तिसरी तऱ्हा आहे. आणि सिनेमाची अभ्यासक लॉरा मल्व्हीने १९७५ मध्ये 'पुरुषी नजर' म्हणून सांगितलेला, बाईला बघायची वस्तू करणारा तो पुरुष तर इथे खुर्ची टाकून बसवलाय! वीस वर्षं हे गाणं पाहत होते, पण तो पुरुष मला वाचल्यावर दिसला.

ठेका धरा
तो प्रतिसाद माझाच, आणि मी त्यावर ठाम आहे. मल्व्हीबाई लिहीत होत्या ते सिनेमाबद्दल. काळोखं थिएटर, भला मोठा पडदा, जागेवर खिळलेला प्रेक्षक. मी व्हिडिओ लावतो भांडी घासताना, अर्धा वेळ पाठ पडद्याकडे. माझी कसली नजर?

दुसरं म्हणजे, रेवतीताई, तुमच्या एवढ्या लांब प्रतिसादात आवाजाबद्दल एक अक्षर नाही. त्याच गाण्यात मागून पुरुषांचे यंत्रासारखे सपाट आवाज 'लिव्हिंग इन अ मटेरिअल वर्ल्ड' ही ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात. गाणं स्वतःची खिल्ली तिथेच उडवतं, चित्र बनण्याच्या आधी. ते ज्यांनी ऐकलं त्यांना गुडविन लागला नाही. माझ्या वर्गात एका मास्तरांनी गाण्याचा आवाज बंद करून व्हिडिओ 'वाचायला' लावला होता. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात गेलाय.

रेवतीची वही
ते आवाज माझ्याकडून सुटले. मान्य. पण गुडविनचं भांडणच तुमच्यासारख्यांच्या बाजूने होतं: अभ्यासक व्हिडिओला मुका सिनेमा समजतात म्हणून. न वाचता त्याला झोडपू नका.

कात्री आणि डिंक
मी अकरा वर्षं गाण्यांचे व्हिडिओ संपादित करतोय. तुम्ही दोघांनी मिळून एवढं लिहिलंत, पण दिग्दर्शकाचं नाव कुणी घेतलं? मेरी लॅम्बर्ट. बाई आहे. आणि गाणं लिहिलं पीटर ब्राउन आणि रॉबर्ट रॅन्स या दोन पुरुषांनी. आता सांगा, नजर कुणाची?

एमटीव्ही सुरू झालं १९८१ मध्ये. पडद्याच्या कोपऱ्यात गायकाचं, अल्बमचं, कंपनीचं नाव येई; दिग्दर्शकाचं यायला १९९२ उजाडलं. संपादकाचा तर विषयच सोडा. १९६७ मध्ये फ्रेंच समीक्षक बार्थने लेखकाचा मृत्यू जाहीर केला, म्हणजे अर्थ लेखक नाही, वाचक ठरवतो म्हणे. ज्याचं नाव कधी लागलंच नाही त्याला काय मारता! माझ्या एका कामात शॉट का तोडला याचा कुणीतरी दोन पानी अर्थ लावला होता. तो तोडला कारण पुढच्या क्षणी गायक शब्द चुकला होता.

मागची रांग
नावाचं म्हणताय म्हणून बोलते. मी सहा वर्षं मागच्या रांगेत नाचले. एका चित्रीकरणात दिवसभर कॅमेरा आमच्या कमरेच्या उंचीवर होता. काहीतरी खटकत होतं, पण तक्रार करायला शब्द नव्हता. व्हिडिओ आला तेव्हा मी त्यात तीनदा होते, तिन्ही वेळा मानेपासून खाली. पुढे 'पुरुषी नजर' वाचलं आणि रडले. तुमच्यासाठी तो सिद्धांत असेल. आणि कात्रीवाले, ते तुकडे तुमच्यासारख्याच कुणीतरी निवडले होते.

कात्री आणि डिंक
माझ्यापर्यंत येतं तेवढ्यातूनच मी निवडतो! कंपनीचा माणूस खुर्चीमागे उभा असतो. सगळं पाप संपादकाच्या माथी मारणं सोपं आहे.

मागची रांग
चेहऱ्याचा एकही शॉट तुमच्यापर्यंत कधी आला नाही?

कात्री आणि डिंक
आला. बऱ्याचदा. ठेवला नाही, कारण मुख्य गायिकेवरून लक्ष हटतं म्हणतात. तुमचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण हे शिकवायचं असेल तर संपादनाच्या टेबलाशी बसवून शिकवा.

ठेका धरा
काल रात्री तो व्हिडिओ दोनदा लावला. एकदा डोळे मिटून, एकदा नुसता बघत. खुर्चीतला माणूस आहे, ते मला नाकारता येत नाही. आणि मागच्या रांगेतल्या ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर 'नजर-बिजर' हा सूर मी मागे घेतो. आवाज बंद करून शिकवणाऱ्यांवरचा राग मात्र कायम.

रेवतीची वही
माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉलने १९७३ मध्ये वाचनाच्या तीन भूमिका सांगितल्या: अर्थ जसाच्या तसा स्वीकारणं, घासाघीस करून घेणं, साफ धुडकावणं. तुम्ही आत्ता केलंत ते मधलं.

ठेका धरा
मला कुठल्याही खणात ठेवू नका. मी गाणं ऐकलं.