मदत हवी आहे: 'प्लांट-बेस्ड' पाचक एन्झाइमच्या गोळ्या, लेबलवरचं काय खरं मानायचं?

नमस्कार मंडळी,

आईसाठी विचारतेय. वय ६८. कडधान्य खाल्लं की संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं फुगतं. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या सगळं ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, कडधान्य कमी करा. पण शाकाहारी माणसाने ते कमी केलं तर प्रथिनं आणायची कुठून?

पेप्सिन आणि पॅनक्रिआटिन आईला चालणार नाहीत, ती बहुतेक डुकराच्या जठरातून आणि स्वादुपिंडातून काढतात. म्हणून 'प्लांट-बेस्ड' लिहिलेल्या दोन बाटल्या समोर घेऊन बसलेय. पहिलीवर नुसतं 'एन्झाइम ब्लेंड ५०० मिग्रॅ'. पपेन, ब्रोमेलेन, अमायलेज, लायपेज अशी नावं आहेत, कोण किती याचा पत्ता नाही. दुसरीवर प्रत्येक नावापुढे एचयूटी, डीयू, गॅलयू असं काहीबाही आणि आकडे. शिवाय अगदी बारीक अक्षरात 'अ‍ॅस्परजिलस ओरायझी'. ही तर बुरशी ना? मग प्लांट-बेस्ड कसं?

यातलं गॅसवर नेमकं काय चालतं? आणि आई वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेते, त्याचं काय? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
वॉरफरिनचं आधी. पपेन आणि ब्रोमेलेन या दोन्हींमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यातलं काहीही सुरू करू नका. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तरी पपेन टाळायचं, ते कच्च्या पपईच्या चिकातूनच येतं.

आता गॅस. पपेन, ब्रोमेलेन प्रथिनं तोडतात, आणि तुमची तक्रार प्रथिनांची नाहीच. कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या तोडणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतं, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांचा गॅस करतात. त्यावर लागतं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज, तेही पहिल्या घासाबरोबर. पोट फुगल्यावर घेऊन उपयोग नाही. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून दिलं तर या शर्करा थोड्या तिथेच कमी होतात, हे फुकटचं औषध आधी करून बघा.

मिलिग्रॅम म्हणजे नुसतं पावडरचं वजन. एन्झाइम काम किती करतं ते युनिटमध्येच (दुसऱ्या बाटलीवरचं एचयूटी, डीयू, गॅलयू) कळतं, त्यामुळे पहिली बाटली बाजूला ठेवा. बुरशीचं म्हणाल तर बाजारात 'वनस्पतिजन्य' म्हणून खपतं त्यातलं बरंच अ‍ॅस्परजिलसपासूनच बनतं. प्राणिजन्य नाही एवढाच त्याचा अर्थ. मला तरी ही शब्दांची चलाखी वाटते, पण एन्झाइम म्हणून त्यात खोट नाही. जोकिची ताकामिने यांनी १८९४ साली याच बुरशीच्या डायस्टेजचं (स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमचं) पेटंट घेतलं होतं.

वजन घटत असेल किंवा शौच तेलकट होत असेल तर मात्र हा गोळ्यांचा नाद सोडून परत डॉक्टरांकडे जा.

धागाकर्ती:
खूप आभार! दुसऱ्या बाटलीतही पपेन आहेच, म्हणजे तीही बाद. फक्त अल्फा-गॅलॅक्टोसिडेज असलेलं काही मिळतं का बघते आणि आयएनआरच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीच्या) वेळी डॉक्टरांना लेबलचा फोटो दाखवते. आईला गोळी गिळवत नाही, कॅप्सूल उघडून जेवणावर भुरभुरवली तर?

प्रतिसाद:
बहुधा चालेल, आतडीत जाऊन विरघळणारं आवरण नसेल तर. पण वाफाळत्या जेवणावर नको, उष्णतेने एन्झाइम निकामी होतं.