मदत हवी आहे: 'टाइम'ला यमक सुचवा (आज रात्रीपर्यंत)

ऐरोलीकर
'टाइम'ला यमक जुळणारे शब्द हवेत. असतील नसतील तेवढे टाका. काम, घाम, दाम, नाम लावून झालंय, बसत नाही. रात्री आठला तालीम आहे. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

शब्दपेटी
कितवीचा गृहपाठ आहे? इंग्रजीत यमक कानाला जुळावं लागतं, स्पेलिंगला नाही. आघात असलेल्या स्वरापासून शेवटापर्यंतचा उच्चार एकसारखा हवा, म्हणजे इथे 'आइम'. लाइम, डाइम, चाइम, माइम, राइम, क्राइम, प्राइम, स्लाइम. चढण्याचा 'क्लाइम' पण घ्या, त्याच्या शेवटचा 'बी' मुका असतो. मसाल्यातला 'थाइम' लिहायला टी-एचने, पण उच्चार हुबेहूब 'टाइम', त्यामुळे ते यमक नाही, तोच शब्द पुन्हा म्हटल्यासारखं होतं. मुलं हमखास 'टीम' आणि 'स्टीम' लिहितात. तिथे फक्त म जुळतो, स्वर नाही. मार्क जातात.

ऐरोलीकर
गृहपाठ नाही हो. मराठी गाणं आहे, सोसायटीच्या कोजागिरीचं.

मात्रामोजणी
मग आख्खी ओळ द्या. ताल कोणता? 'टाइम' ओळीच्या शेवटी येतो की मध्ये? एकटं कोणी गातंय की कोरस? हे कळल्याशिवाय शब्दांच्या याद्या देऊन उपयोग नाही.

मराठीच_बोला
मुळात 'टाइम' कशाला? 'वेळ' घ्या. खेळ, मेळ, भेळ, रांगेत उभे आहेत.

ऐरोलीकर
ओळ अशी:
धावत धावत जिना उतरतो, लोकलचा हा टाइम
केरवा. बारा जणांचा कोरस. दुसरी ओळ 'घाम'वर संपवली होती, प्रत्येक वेळी तिथे सगळे पुढेमागे होतात. 'वेळ' नको, ध्रुवपद सगळ्यांना पाठ झालंय.

मात्रामोजणी
आता कळलं. तुमची ओळ १६ अधिक १२ मात्रांची आहे. 'टाइम' म्हणजे टा दोन, इ एक, म एक, एकूण चार. 'घाम' तीनच. केरव्यात ती एक मात्रा कुठेतरी भरावी लागते. अर्धे लोक 'घाऽम' ओढतात, अर्धे म वर थांबतात, म्हणून पुढेमागे. आणि यमकही कच्चं आहे. आपल्याकडे शेवटचं अक्षर जुळून भागत नाही, त्याच्या आधीचा स्वरही जुळावा लागतो. 'घाम'मध्ये म च्या आधी आ, 'टाइम'मध्ये इ. काम, दाम, नाम सगळ्यांचं दुखणं तेच.

कोपरीची_कोपरखळी
फलाटावर 'टाइम' म्हणतं कोण? 'टायम' म्हणा, आणि मग 'कायम' आयतंच मिळतं. दोन्ही चार मात्रा.
गर्दी टळते सुट्टीला पण घाई असते कायम
घ्या, १६ अधिक १२, मोजून बघा. 'मुलायम' पण बसतं, पाच मात्रा होतात, आधीची एक कमी करा.

शुद्धलेखन_प्रेमी
आधी हे ठरवा, 'टाइम' की 'टाईम'? मराठी शब्दांत शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर उपान्त्य इकार दीर्घ (गरीब, वकील), तत्सम शब्दांना हा नियम नाही (मंदिर). परक्या शब्दांत दोन्ही दिसतात.

मात्रामोजणी
शुद्धलेखन_प्रेमी, दीर्घ लिहिलात तर कागदावर पाच मात्रा होतात, गळ्यात चारच राहतात. गाण्यात गळ्याचं ऐकायचं.

घोडबंदर_सायफर
'कायम' जरा शाळेच्या कवितेसारखं वाटतं. 'लाइन' घ्या की. ट्रान्स-हार्बर लाइन, साइन, फाइन, नाइन, नुसती रांग लागेल. म आणि न दोन्ही नाकातले, बीटवर कोणाला फरक कळत नाही.

मात्रामोजणी
बीटवर नाही कळणार. पण हा कोरस आहे आणि शब्द ओळीच्या टोकाला आहे, तिथे सूर धरतात. म ला ओठ मिटतात, न ला उघडे राहतात. बारा जणांनी धरला की फरक ऐकूच येतो.

घोडबंदर_सायफर
मग 'टाइम–कायम'मध्ये पण ओठ मिटणारच ना? सूर तिथेच मरतो. तुमचाच नियम.

मात्रामोजणी
बरोबर, हा मुद्दा मान्य. टोकाला म असेल तर 'आ'वर सूर धरायचा आणि म अगदी शेवटी टेकवायचा. सगळ्यांचा म एकाच क्षणी पडायला हवा, हे हौशी कोरसला जमवायला चार-पाच तालमी लागतात. तुमच्याकडे एकच आहे. म्हणून यमक शोधू नका, शब्द हलवा. 'टाइम' एक घर मागे सरकवा आणि ओळ उघड्या स्वरावर संपवा:

धावत धावत जिना उतरतो, आता टाइम झाला
चढता चढता दारापाशी अंगी घामच आला

मात्रा तेवढ्याच, चाल तीच. झाला, आला, गेलेला, भरलेला, कितीही कडवी रचा. तुमचा 'घाम'ही राहिला.

कोपरीची_कोपरखळी
'गेलेला' कसं चालेल? 'झाला'त ल च्या आधी आ आहे, 'गेलेला'त ए. आत्ताच तर आम्हाला शिकवलंत.

मात्रामोजणी
खरंय, चूक माझी. आला, झाला, प्याला, भाला, नाला, माला, एवढंच.

मराठीच_बोला
'लोकलची ही वेळ' मध्ये अकरा मात्रा होतात, ळ थोडा ओढला की काम होतं. आणि लक्षात घ्या, 'वेळ' शब्द ठरलेल्या घटकेसाठी स्त्रीलिंगी (गाडीची वेळ झाली), कालावधीसाठी पुल्लिंगी (फार वेळ गेला). 'टाइम'ला ही सोय नाही.

इतिहासाचं_तिकीट
अवांतर: लोकलचं गाणं आणि तेही ठाण्याच्या बाजूला, मग पहिली गाडी हवीच. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, दुपारी ३:३५ ला सुटली, १४ डबे, साधारण ४०० माणसं, तीन इंजिनं: साहिब, सिंध, सुलतान. अनुप्रास तयारच आहे, यमकाची गरज नाही.

ऐरोलीकर
'आता टाइम झाला' घेतोय. आत्ता टेबलावर केरवा वाजवून म्हणून पाहिलं, टोक सुटत नाही. 'कायम'ची ओळ एका कडव्यात एकटीने गाणाऱ्या ताईंना देतो, तिथे म सांभाळणं सोपं आहे. साहिब-सिंध-सुलतान पण घेतो, पण किती मात्रा?

मात्रामोजणी
साहिब चार, सिंध तीन, सुलतान पाच. बारा. दुसऱ्या अर्ध्यात थेट बसतं, पण टोकाला पुन्हा न येतो, तेव्हा पहिल्या अर्ध्यात फोडून घाला.

शब्दपेटी
म्हणजे गृहपाठ नव्हताच?